गडाखालचं जुन्नर

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं ‘मराठा लष्करी भूदृश्यं’ या नावाखाली बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. शिवनेरी त्यांत आहे आणि असायलाच हवा. पुण्याहून शंभर किलोमीटरच्या आत असल्यामुळे हा गड एका दिवसाच्या सहलीचा हक्काचा बेत झाला आहे. सकाळी गड, जन्मस्थानाचं दर्शन, शिवाई देवी, मग उतरून लेण्याद्रीचा गिरिजात्मज, वेळ उरला तर ओझरचा विघ्नहर आणि अंधार पडायच्या आत परतीचा रस्ता. या बेतात जुन्नर नावाचं गाव कुठेच नसतं. ते वाटेत लागतं, तिथे चहा होतो, गाडी पुढे जाते. २०११ च्या जनगणनेत पंचवीस हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या तालुक्याच्या गावाला दोन हजार वर्षांहून जुना इतिहास आहे, तरी त्याची ओळख ‘शिवनेरीच्या पायथ्याचं गाव’ एवढीच उरली आहे. मला ही ओळख उलटी वाटते. जुन्नर शिवनेरीमुळे मोठं झालं नाही. जुन्नरच्या शिवारात जे पिकलं, जुन्नरच्या पेठेत जे साठलं आणि जुन्नरच्या घाटातून जे चढलं-उतरलं, त्याच्यावर ताबा ठेवण्यासाठी शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन या गडांना मोल आलं. लेणी, घाट, गड आणि आजची बाजार समिती ही इथली चार वेगळी प्रेक्षणीय स्थळं नाहीत, एकाच शेतीव्यवहाराची चार अंगं आहेत. दिवसभराची सहलसुद्धा हे ध्यानात ठेवून केली, तरच जुन्नर पाहिलं असं म्हणता येईल.

आधी जमीन पाहावी. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेलं पाणी पूर्वेकडे वळतं तिथे हा तालुका सुरू होतो. कुकडी उगम पावते पूर गावाजवळ, कुकडेश्वराच्या कोरीव देवळापाशी. तिच्या दक्षिणेला मीना, उत्तरेला पुष्पावती. डोंगरांच्या लांब सोंडांनी ही खोरी एकमेकांपासून अलग केली आहेत आणि मीननेर, कुकडनेर अशी त्यांची नावं अजून तोंडी आहेत. घाटमाथ्याला पावसाळा इतका दांडगा असतो की तिथे भात, नाचणी, वरई पिकते. पूर्वेकडे काही कोसांतच पाऊस उतरतो आणि बाजरीचा मुलूख लागतो. पश्चिमेच्या गावांत महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भाताबरोबर जंगलातला हिरडा हा त्यांच्या हातात रोख पैसा आणणारा माल. एका तालुक्यात इतकी वेगवेगळी पिकं आली, की कोणत्याही एका गावाचं स्वतःच्या पिकावर भागत नाही. डोंगरातल्या माणसाला देशावरचं धान्य आणि कापड लागतं, देशावरच्याला तांदूळ आणि रानचा माल लागतो, आणि दोघांनाही कोकणातलं मीठ लागतं. ही देवघेव जिथे सोयीनं होईल ती जागा ठरलेलीच होती. डोंगर मागे सरतात, कुकडीचं खोरं रुंद होतं आणि घाटाची वाट मैदानाला मिळते, तिथे जुन्नर वसलं. कुणा राजानं जागा निवडून वसवलेलं हे नगर नाही. सातवाहन, क्षत्रप, बहमनी, निजामशाही, मोगल, मराठे, इंग्रज अशा सगळ्यांनी ते आयतं घेतलं.

आता नाणेघाट. जुन्नरच्या पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर सह्याद्रीच्या कड्यात ही खिंड आहे आणि तिच्या तोंडाशी खोदलेल्या दालनात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. सातवाहन कुळातल्या व्यक्तींचे पुतळे तिथे होते. आज पुतळे नाहीत, वर कोरलेली नावं तेवढी आहेत. लेखात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञाला दिलेल्या दक्षिणेची. त्यात गाई आहेत, घोडे, हत्ती, गावं आणि कार्षापण नाणी आहेत. सगळ्यात जुने भारतीय अंक जिथे दिसतात अशा मोजक्या लेखांत हा लेख गणला जातो. राजघराण्यानं आपल्या वैभवाचा हा हिशोब राजधानीत न लावता व्यापारी वाटेच्या नाक्यावर लावला, ही गोष्ट बोलकी आहे. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे आणि जकातीची नाणी त्यात टाकत असत अशी परंपरा आहे. परंपरा खरी असो वा नसो, ही वाट राजाच्या उत्पन्नाची होती यात शंका नाही. खाली कल्याणचं बंदर, वर जुन्नर, पुढे पैठण आणि तेर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण, पैठण आणि तेर या तिन्ही गावांचे उल्लेख आहेत. म्हणूनच जुन्नरचा इतिहास लिहिताना बहुतेकांची लेखणी रोमन व्यापाराकडे वळते. माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेपही तोच असेल. जुन्नरला शेतीनं नव्हे, समुद्रापारच्या व्यापारानं मोठं केलं, असं अभ्यासक सांगतील. त्याला उत्तर लेण्यांत आहे.

जुन्नरभोवती मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री आणि तुळजा अशा डोंगरांत दोनशेहून अधिक शैलगृहं खोदलेली आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी भारतात दुसरीकडे सापडणं कठीण. अजिंठा-वेरूळसारखं शिल्पवैभव इथे नाही. बहुतेक साध्या खोल्या, ओटे, पाण्याच्या पोढी. तुळजा लेण्यातलं बारा खांबांचं वर्तुळाकार चैत्यगृह हा या साधेपणातला सुंदर आणि फार दुर्मीळ नमुना आहे. पण जुन्नरच्या लेण्यांचं खरं धन त्यांच्या दानलेखांत आहे. हे लेख एक-दोन ओळींचे, कोरडे, पावतीसारखे आहेत. दान कुणी दिलं, काय दिलं, एवढंच. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त यानं दिलं, म्हणजे बंदरावरचा पैसा घाट चढून आला. चिट, इरिल, चंद अशा यवनांनी भोजनमंडप, पाण्याच्या पोढी आणि गर्भद्वार दिलं, म्हणजे परदेशी नावांची माणसं इथे नांदत होती. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानं ४६ व्या वर्षी, अनेक अभ्यासकांच्या मते इसवी सन १२४ च्या सुमारास, मानमोडीवर पोढी आणि मंडप केला. इथवरचा पुरावा व्यापाराच्या आणि सत्तेच्या बाजूचा आहे.

पण याच डोंगरांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिल्याचा लेख आहे. श्रेणी म्हणजे संघटना, पेढी, आज ज्याला व्यापारी मंडळ म्हणू ते. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचेही उल्लेख इथे येतात. धान्याचे व्यापारी एकत्र येऊन डोंगरात सात खोल्या खोदून घेण्याइतके सधन होते, याचा अर्थ जुन्नरच्या पेठेत धान्याची उलाढाल फुटकळ नव्हती. शिवनेरीच्या कड्यातलं चैत्यगृह वीरसेनक नावाच्या गृहपतिप्रमुखानं दिलं. त्या काळचा गृहपती म्हणजे साधारणपणे जमीनजुमला बाळगून असलेला मातब्बर कुटुंबप्रमुख. आणि या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अदुथुम नावाच्या शक उपासकाचा मानमोडीवरचा लेख. त्यानं वडालिका गावातली वीस निवर्तनं जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक गावातली नऊ निवर्तनं वडाच्या झाडांसाठी दिली, आणि ही ठेव कोणाचिक नावाच्या श्रेणीकडे सोपवली. आमरायांच्या उत्पन्नाची दानंही इथल्या लेखांत आहेत. याच काळात नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात यानं विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण व्याजानं ठेवले आणि त्या व्याजातून भिक्खूंच्या वस्त्रांची सोय केली. शेतं त्यानंही दिली, पण नाशिकचा तो गाजलेला लेख रोख रकमेचा आणि कापडाचा आहे. जुन्नरची कायमची ठेव मात्र शेताच्या आणि झाडांच्या रूपात आहे. बाहेरून आलेला एक शक इथे येतो, बौद्ध होतो, आणि पुण्य करावंसं वाटलं तेव्हा जमीन घेऊन झाडं लावायला देतो. कुणाचा पैसा कुठून आला हे दानाच्या आकारावरून कळेलच असं नाही, पण या गावात पैसा टिकवायचा तर तो कशात गुंतवावा याबद्दल दात्यांचं मत काय होतं, हे या लेखावरून स्पष्ट कळतं.

व्यापार की शेती हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला जातो. नाणेघाटातून माल चढत होता तो बैलांच्या पाठीवर. हजारो बैल आणि ते हाकणारी माणसं यांना कडबा, दाणा, पाणी आणि भाकरी लागते, आणि घाट चढून आल्यावर ती मिळण्याची पहिली भरवशाची जागा जुन्नर. पावसाळ्याचे चार महिने घाट बंद असत, त्या काळात थांबलेल्या तांड्यांना पोसणं हे भरपूर पिकणाऱ्या प्रदेशालाच जमतं. नुसत्या घाटामुळे गाव मोठं होत असतं तर सह्याद्रीतल्या प्रत्येक खिंडीच्या माथ्यावर एक जुन्नर दिसलं असतं. तसं झालं नाही. दुसरी बाजूही पाहावी. जे गाव केवळ दूरच्या व्यापारावर जगलं ते त्या व्यापाराबरोबर आटलं. सोपारा हे एके काळचं कोकणातलं मोठं बंदर, आज ते नालासोपाऱ्याच्या गर्दीत हरवलं आहे. पेरिप्लसमध्ये ज्याचं नाव मानानं आलं ते तेर आज धाराशिव जिल्ह्यातलं एक गाव आहे, तिथला इतिहास संग्रहालयाच्या कपाटांत पाहावा लागतो. रोमन व्यापार ओसरल्यावर जुन्नरलाही उतरती कळा लागली असेल. पण पुढच्या हजार वर्षांनंतरही ते लढण्यासारखं, लुटण्यासारखं आणि राजधानी करण्यासारखं गाव होतं. या टिकण्याचं कारण समुद्रापार शोधून सापडत नाही, खोऱ्यात सापडतं.

पंधराव्या शतकातला एक साक्षीदार या बाबतीत फार उपयोगाचा आहे. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या आसपास चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. त्याच्याजवळ विकायला आणलेला एक घोडा होता. जुन्नरचा बहमनी अंमलदार असदखान यानं तो घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलण्याचा तगादा लावला, मोठ्या मिनतवारीनं तो परत मिळाला. ही हकीकत सगळे सांगतात. पण निकितिननं पावसाळा जुन्नरला काढला, आणि त्याच्या नोंदीतला माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा भाग या मुक्कामातला आहे. सगळीकडे पाणी आणि चिखल, आणि याच दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात, हे बर्फाच्या देशातून आलेल्या त्या माणसाला नवल वाटलं. गहू, भात आणि कडधान्य पेरल्याचं तो लिहितो. इथे घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात, आणि माल त्यांच्यावरच लादतात हेही त्यानं टिपलं. घोड्यांना कडधान्य आणि साखर-तेल घातलेली खिचडी खाऊ घालतात, हे तर त्यानं आवर्जून लिहिलं आहे. अरबस्तानातून समुद्रमार्गे आलेल्या घोड्यांवर बहमनी फौजा चालत, म्हणून इतिहासकार घोड्यांच्या व्यापाराची नोंद घेतात. पण घोडा बंदरावर उतरला की त्याला रोज खायला घालावं लागतं, आणि ते खाणं शेतातून येतं. निकितिनला चिखलात नांगर आणि तबेल्यात खिचडी दिसली. हीच जुन्नरच्या लष्करी महत्त्वाची शिदोरी होती.

निजामशाहीचा पाया घालणाऱ्या मलिक अहमदनं पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपला जम जुन्नरमध्येच बसवला, अहमदनगर त्यानं नंतर वसवलं. मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर निजामशाही पुन्हा उभी करणाऱ्या मलिक अंबरनं १६०७ मध्ये राजधानी परांड्याहून जुन्नरला आणली आणि काही वर्षांतच ती दौलताबादला हलवली. गावालगतच्या हापूसबाग शिवारातला कोरीव सौदागर घुमट आणि हबशी महालाचे अवशेष निजामशाही जुन्नरच्या संपत्तीची साक्ष देतात. पण मलिक अंबरची जुन्नरला आणि पुढे साऱ्या मराठी मुलखाला मिळालेली मोठी देणगी इमारतींत नाही, जमीनमहसुलात आहे. त्यानं सारावसुली मक्त्यानं देण्याच्या पद्धतीला आळा घातला, जमिनीची मोजणी करून प्रत लावली, प्रत्यक्ष पिकाचा अंदाज घेऊन धारा बसवला. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत आणि पुढे स्वराज्यात महसुलाची जी घडी बसली तिच्यामागे हा धडा होता. मोजणी म्हटलं की तिची दुसरी बाजूही आलीच. निजामशाही संपवणाऱ्या १६३६ च्या तहानंतर जुन्नर मोगलांकडे गेलं. त्यानंतर जमिनीची बारकाईनं मोजणी आणि बांधीव सारा याला डोंगरातल्या महादेव कोळ्यांनी विरोध केला, उठाव झाला, तो मोगलांनी निर्दयपणे मोडला आणि शिवनेरीवरचा काळा चबुतरा ही त्याची खूण, अशी एकोणिसाव्या शतकात कॅप्टन मॅकिंटॉश यांनी टिपलेली परंपरा आहे. शिवनेरीवर गेलेल्या किती जणांना हा चबुतरा दाखवला जातो? तो महसुलाच्या इतिहासाचा दगड आहे. पश्चिमेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यानं त्याची किंमत डोकं देऊन मोजल्याचं परंपरा सांगते.

इथे एक आक्षेप मनापासून घेतला जाईल आणि त्याला मनापासूनच उत्तर द्यायला हवं. शिवनेरी हे १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजी महाराज जिथे जन्मले ते स्थान आहे. तिथे जाणाऱ्या माणसाला धान्याचे आणि साऱ्याचे हिशोब कशाला ऐकवायचे? श्रद्धेनं पायरी चढणाऱ्याला एवढं पुरेसं नाही का? पुरेसं आहे, आणि त्या श्रद्धेला मी एक तसूभरही कमी लेखत नाही. पण महाराजांना स्वतःला जुन्नर कसं दिसत होतं हेही त्यांच्या भक्तानं जाणून घ्यावं. एप्रिल १६५७ च्या अखेरीस त्यांनी रात्रीच्या वेळी जुन्नरच्या तटाला दोर लावून मोगलांची ही पेठ लुटली. तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागले. गड जिंकता आला नव्हता, पण मोगलांची ताकद कशात आहे हे त्यांना नेमकं माहीत होतं. ती गडाखालच्या गावात होती. आणि गडावर तरी काय आहे? गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव आणि अंबरखाना, म्हणजे पाणी आणि धान्य. १६७० च्या दशकात जुन्नरला आलेल्या इंग्रज वैद्य जॉन फ्रायरनं हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल इतका साठा गडावर असल्याचं लिहिलं. जीवधनच्या माथ्यावरही दगडी धान्यकोठार आहे. कड्यांमुळे गड चढायला अवघड होतो, पण तो वर्षानुवर्षं लढतो तो कोठारामुळे, आणि कोठार भरतं खालच्या शिवारातून. ज्या राजानं पुढे रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये अशी सक्त ताकीद आपल्या लष्कराला दिली, त्याच्या जन्मगडावर जाऊन अंबरखान्यासमोर पाच मिनिटंही न थांबणं ही मला मोठी उणीव वाटते.

मग जुन्नर मागे का पडलं? शेती टिकली, पण वाट बदलली. १८६० च्या दशकात रेल्वे भोरघाट आणि थळघाट चढून देशावर आली. नाणेघाट या दोन्हींच्या मधोमध राहिला आणि त्याचं काम संपलं. पुढे मोटाररस्ता आला तो माळशेज घाटातून, ओतूरवरून आळेफाट्याकडे. पुणे-नाशिक रस्ता नारायणगावावरून गेला. दोन्ही हमरस्त्यांनी जुन्नर बाजूला टाकलं, आणि रेल्वे तर तालुक्यात अजूनही आलेली नाही. हातकागदासाठी जुन्नरचं नाव होतं, मराठी दप्तरांत जुन्नरी कागद वापरला जाई. कारखान्याच्या कागदापुढे तो धंदा बसला. तरी गाव ओस पडलं नाही. कचेरी, शाळा, दवाखाने, बियाणं-खतांची दुकानं आणि आठवड्याचा बाजार यांवर ते तालुक्याचं गाव म्हणून उभं राहिलं. जुन्या पेठेतले लाकडी खांबांचे वाडे पडत आहेत, त्यांच्या जागी सिमेंटचे गाळे येत आहेत. डेक्कन कॉलेजच्या उत्खननांत सातवाहनकाळच्या वस्तीचे थर याच गावाच्या परिसरात निघाले. म्हणजे नव्या घराचा पाया खणताना इथे कुदळ दोन हजार वर्षांच्या मातीत जाऊ शकते. गडाला तटबंदी आहे, पुरातत्त्व खातं आहे, आता युनेस्कोचं नाव आहे. गावाला यांतलं काहीच नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप अजून राहिला. आजच्या जुन्नरची शेती आणि सातवाहनांची शेती यांचा संबंधच काय, असं कुणी विचारलं तर ते रास्त आहे. टोमॅटो त्या काळी भारतात नव्हता. द्राक्षाच्या बागा, ऊस, कांदा हे सारं आजचं वैभव कुकडी प्रकल्पाचं आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं डिंभे या पाच धरणांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागाचं रूप पालटलं. या धरणांत पश्चिमेच्या खोऱ्यांतली गावं बुडाली, आणि पाणी कालव्यानं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत गेलं. आवर्तन कधी सोडायचं आणि किती, यावर दर उन्हाळ्यात तालुक्या-तालुक्यांत भांडण होतं. हे सगळं मान्य करूनच बोलायला हवं. पिकांचं सातत्य इथे नाही आणि तसा दावा करणं खोटेपणा होईल. सातत्य आहे ते कामाच्या स्वरूपात. डोंगराचं पाणी अडवून खोऱ्यात पिकवायचं, पिकलेलं एका ठिकाणी आणायचं आणि घाटाखालच्या मोठ्या बाजाराला पोचवायचं, हे काम इथली माणसं दोन हजार वर्षं करत आली आहेत. फक्त पेठ जुन्नरहून पूर्वेला, हमरस्त्यावरच्या नारायणगावला सरकली आहे आणि बैलांच्या जागी ट्रक आले आहेत.

नारायणगावचा टोमॅटो बाजार पाहिला की धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा लेख समजायला सोपा जातो. वीस-वीस किलोच्या क्रेटच्या रांगा, पुकारले जाणारे भाव, आडत्यांचे गाळे, दूरच्या राज्यांत जाणाऱ्या गाड्या. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे लिलाव वेगळे. कांदा ओतूर आणि आळेफाट्याला. जुलै २०२३ मध्ये इथे टोमॅटोच्या एका क्रेटनं दोन हजार रुपयांच्या वर भाव पाहिला, आणि भाव कोसळला की तोच माल रस्त्यावर ओतून देण्याची वेळही इथल्याच शेतकऱ्यावर येते. लेण्यांतल्या दात्यांना हा चढउतार माहीत असणार, म्हणून तर त्यांनी आपलं पुण्य एका हंगामाच्या पिकाऐवजी करंजाच्या आणि वडाच्या झाडांत ठेवलं, असा माझा अंदाज आहे. शेती बदलली की बाकीचं किती बदलतं तेही इथे दिसतं. उसाचे फड वाढले तसा बिबट्या डोंगर सोडून उसात राहू लागला, आणि माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उघडावं लागलं. वारसा आणि वर्तमान यांच्यातली भिंत या तालुक्यात फार पातळ आहे.

राज्य सरकारनं २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. युनेस्कोनं गडांना ‘भूदृश्य’ म्हटलं. या दोन्ही शब्दांना जागायचं असेल तर गडाभोवतीचं शिवार आणि गाव वारशाच्या नकाशात आलं पाहिजे. यावर शेतकरी म्हणेल, आमच्या बांधावर आणखी एक बंधन आणू नका. आम्ही काय पिकवायचं, घर कुठे बांधायचं हे पर्यटकाच्या डोळ्यांना सुख वाटावं म्हणून ठरवायचं का? हा प्रश्न खरा आहे, आणि शिवार गोठवून ठेवावं असं मी म्हणत नाही. दोन हजार वर्षं बदलत आलेलं शिवार गोठवणं म्हणजे त्याचा इतिहास नाकारणं. पण काही गोष्टी कुणाच्याही पोटावर पाय न देता करता येतात. अंबरखान्यापाशी आणि काळ्या चबुतऱ्यापाशी नीट मराठी फलक हवेत. मानमोडीच्या लेखांचा मजकूर आणि त्याचा अर्थ डोंगराच्या पायथ्याशी वाचायला मिळायला हवा. आज माणूस दमछाक करून वर जातो आणि अक्षरं न कळता परततो. जुन्या पेठेत नवं बांधकाम होण्याआधी पायाच्या खड्ड्याची पाहणी व्हावी, आणि तिचा खर्च व उशीर घरमालकाच्या माथी न मारता शासनानं सोसावा. आणि गडाच्या पायथ्याची, घाटाच्या वाटेवरची शेतजमीन बिगरशेती करून भूखंडांत विकली जाते आहे, तिचा वेग रोखण्यासाठी शेती परवडेल असा भाव आणि पाणी हा एकच खरा उपाय आहे. शेतकरी शेती सोडतो ती परवडत नाही म्हणून, त्याला वारसा कळत नाही म्हणून नव्हे.

एका दिवसात हे सगळं पाहून होणार नाही, ही शेवटची तक्रार. खरं आहे, दोनशे लेणी एका दिवसात कुणीच पाहू नयेत. पण अंतरं कमी आहेत आणि क्रम बदलला तर दिवस पुरतो. पहाटे थेट नाणेघाट गाठावा, तिथून पाण्याबरोबर पूर्वेला यावं. पूरचं कुकडेश्वर आणि चावंडचा पायथा वाटेवरच आहेत, भातखाचरंही त्याच रस्त्याला लागतात. माथ्यावर ऊन यायच्या आत मानमोडीवर अदुथुमच्या जमिनीचा लेख पाहावा आणि लेण्याद्री पुढच्या खेपेला ठेवावी. दुपारी जुन्नर गावातच जेवावं आणि जुन्या पेठेतून चालावं, शक्यतो बाजाराच्या दिवशी. ऊन कलल्यावर शिवनेरी चढावा आणि जन्मस्थानाला हात जोडून अंबरखान्यात जावं. गडावरून पूर्वेला दिसतो तो सगळा मुलूख हे कोठार भरत असे. परतीची वाट नाहीतरी नारायणगावावरूनच जाते, आणि टोमॅटोचा हंगाम असेल तर बाजारात शिरून त्या दिवशीचा क्रेटचा भाव विचारावा. शेतकऱ्याच्या हातात त्यातलं किती पडलं, हेही विचारावं.